साधा वॉर्ड

हॉस्पिटलात तिला सगळे खिडकीबाई म्हणायचे. तळमजल्यावर, औषधाच्या दुकानाला लागून, काचेच्या एका खिडकीमागे ती बसायची आणि लोक काचेखालच्या फटीतून पैसे आत सरकवायचे. शिव्याही त्याच फटीतून आत यायच्या. बिल तिने केलेलं नसायचं, डॉक्टरांच्या फीमधला छदामही तिच्या वाट्याला यायचा नाही, पण माणसाला राग काढायला समोर कुणीतरी लागतं, आणि डॉक्टर काही समोर बसत नाहीत. ती मान खाली घालून पावती फाडायची. इतक्या वर्षांत आपली कातडी चांगली जाड झाली आहे, असा तिचा समज होता.

साथ आली आणि हॉस्पिटलचे दोन भाग झाले. मागची इमारत साथीची. तिथे गेलेल्याचा खर्च सरकार करायचं, माणूस गेलाच तर घरच्यांना थोडी मदतही द्यायचं. पण ते दार एकदा मागे बंद झालं की बायको नाही, मूल नाही, कुणी नाही. पुढची इमारत साध्या रोग्यांची. मोडलेले पाय, मूतखडे, हृदयाची दुखणी. तिथे बिल रोख, आणि रोग्याजवळ घरच्या एका माणसाला बसायची मुभा. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांना ही पुढची इमारत प्यारी. सरकारचा पैसा यायचा तो रडतखडत आणि कापूनछाटून, म्हणून ज्याला साध्या वॉर्डात बसवता येईल त्याला साहेब तिथेच बसवायचे, आणि गेला तर मरणही साधंच लिहून घ्यायचे. मरणात साधं काय असतं, ते एक साहेबच जाणोत.

खिडकीबाईचा धाकटा काका मागच्या इमारतीत गेला होता. परत आली ती एक पिशवी. तिच्यात चष्मा, फोनचा चार्जर आणि चपलांचा एक जोड होता, तोही दुसऱ्याच कुणाचा. तिच्या बाबांनी त्या चपला कितीतरी वेळ उलट्यासुलट्या करून पाहिल्या. जन्मभर बस चालवलेला माणूस. ब्रेक निकामी झालेली गाडी त्यांनी एकदा बांधावर चढवून थांबवली होती आणि उतरून शांतपणे विडी पेटवली होती. त्या चपला पाहून मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. थोड्या दिवसांनी त्यांनाच ताप भरला, तेव्हा त्यांनी डॉक्टर, औषध काही विचारलं नाही. लेकीचा हात धरला आणि म्हणाले, “पोरी, मला मागे नको टाकू. मरायचंच तर तुझ्या आईची बडबड ऐकत मरू दे.”

आता दुसरी कुणी मुलगी असती तर रडली असती, देवाला हात जोडले असते. पण हिला हॉस्पिटलच्या सगळ्या खाचाखोचा पाठ. फाटकावर कपाळाचा ताप बघतात, तो नसला तर पुढची कसली तपासणी करत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक. तिने निघायच्या आधी बाबांना तापाची गोळी दिली, घाम फुटू दिला आणि गाडीत सगळा वेळ त्यांच्या कपाळावर ओला रुमाल धरला. फाटकावरचा वॉचमन ओळखीचा. “काय ड्रायव्हरसाहेब, गाडी गॅरेजला?” म्हणत त्याने यंत्र कपाळाला लावलं आणि आत सोडलं. वॉर्डातल्या डॉक्टरला मान वर करायला सवड नव्हती. छातीत दुखतंय, एवढंच तिने सांगितलं. ते खोटं नव्हतं, दुखत होतंच. आईने बाकीच्या गोळ्या चष्म्याच्या डबीत लपवल्या आणि सिस्टरची पाठ फिरली की एकेक देत राहिली. घरच्या तिघांनी मिळून केलेली ही चोरी. तिचा फायदा तिघांनाही झाला, हे कबूल करायला हवं.

कारण पुढचे दिवस, खरं सांगायचं तर, चांगले गेले. आई उशाशी बसून अखंड बोलायची. शेजारणीने उसनी नेलेली आणि परत न केलेली कढई, लग्नात रुसून बसलेले मामा, बाबांनी एकदा चुकून दुसऱ्याच बाईला हाक मारून बसमध्ये चढवलं होतं ती भानगड. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि मधूनच “खोटं” म्हणायचे. शेजारच्या खाटेवर एक प्लास्टरवाला होता. भिंतींना प्लास्टर करणारा माणूस. परांचीवरून पाय घसरून पडला आणि मांडीपर्यंत पाय प्लास्टरमध्ये. “इतकी वर्षं मी भिंतींना केलं, आता भिंतींनी मला केलं,” असं तो येईल त्याला सांगायचा आणि स्वतःच आधी हसायचा. त्याच्या बायकोची आणि आईची गट्टी जमायला एक संध्याकाळ पुरली. ती आईला काकू म्हणायला लागली आणि खिडकीबाईला ताई.

एकदा जेवणाच्या सुट्टीत खिडकीबाई वर गेली. आईला बसल्या बसल्या डुलकी लागली होती. बाबांना खोकल्याची उबळ आली होती आणि प्लास्टरवाला आपला जड पाय खाटेवरून खाली सोडून, अर्धा वाकून, त्यांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावत होता. तोंडाशी तोंड. बाबा खोकत होते आणि तो त्यांची पाठ चोळत होता. तिथल्या तिथे तिने बोलायला हवं होतं. दूर व्हा म्हणायला हवं होतं, निदान काहीतरी निमित्त काढून त्याची खाट हलवायला हवी होती. पण खाट का हलवायची, असं सिस्टर विचारणार. ती पुढे झाली, त्याच्या हातातून पेला घेतला आणि म्हणाली, “तुम्ही कशाला त्रास घेता?” तो म्हणाला, “आमचे बाबा असते तर?” एवढं होऊन ती खाली येऊन खिडकीत बसली.

बाबा गेले ते एका दुपारी, आईचं बोलणं चालू असताना. “खोटं” म्हणायची वेळ आली आणि ते म्हणाले नाहीत, तेव्हा आईला कळलं. दाखल्यावर हृदयविकार लागला. बिल खिडकीबाईच्या पगारातून कापायचं ठरलं, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. आईला पुढे दोन दिवस कणकण आली आणि गेली. तिला स्वतःला शिंकही आली नाही. प्लास्टरवाल्याला मात्र पाय बरा होत असतानाच धाप लागली. वॉर्ड साधा, म्हणून त्याची साथीची तपासणी कुणी केली नाही. पडून राहिल्यामुळे छातीत गुठळी गेली असेल, असं ठरलं, आणि नाकाला नळ्या लावून त्याला तिथेच ठेवलं. तो गेला तेव्हा त्याच्या दाखल्यावरही साधंच मरण लागलं. साधं मरण म्हणजे पूर्ण बिल.

ते बिल भरायला त्याची बायको खिडकीवर येऊ लागली. आधी त्याची बांबूची परांची आणि पाट्या विकून आलेले पैसे, मग अंगठी मोडून, मग चार घरची धुणीभांडी करून मिळतील तसे. ती कधी शिवी द्यायची नाही. काचेखालून चुरगळलेल्या नोटा सरकवायची आणि विचारायची, “काकू कशा आहेत?” खिडकीबाईला शिव्यांची सवय होती. या प्रश्नाची नव्हती. प्रत्येक वेळी पावती फाडता फाडता ती म्हणायची, बऱ्या आहेत.

मग साथ ओसरली आणि मरणांची फेरतपासणी करायला सरकारची समिती आली. कितीतरी हॉस्पिटलांनी साथीची मरणं साधी म्हणून लिहिली, अशी ओरड झाली होती. समितीवरच्या डॉक्टर म्हणजे पांढऱ्या केसांच्या, बारीक अंगाच्या एक बाई. त्यांना बसायला खिडकीबाईच्या मागची खोली दिली होती आणि फायली काढून द्यायचं काम साहजिकच हिच्या गळ्यात पडलं. डॉक्टरीणबाई एकेक एक्स-रे उजेडाला धरून बघायच्या, चहा गार होऊ द्यायच्या आणि मग गारच प्यायच्या.

प्लास्टरवाल्याचा एक्स-रे त्यांनी दोनदा पाहिला. ही गुठळी नाही, दोन्ही फुप्फुसं साथीनंच खाल्लीत, असं त्या म्हणाल्या, आणि तरीही त्यांनी फाईल बाजूला ठेवून दिली. का, ते त्यांनीच समजावून सांगितलं. तपासणी झालेली नाही. नियम असा, की तपासणी नसेल तर निदान माणूस बाधित रोग्याच्या संपर्कात आल्याचं दाखवावं लागतं. हा तर साध्या वॉर्डात, मोडक्या पायाने, एका जागी पडून. “या वॉर्डात त्या दिवसांत एक जरी बाधित रोगी असता,” त्या म्हणाल्या, “तर या बाईचं बिल आजच्या आज माफ केलं असतं. भरलेलं परत मिळालं असतं, वर मदत मिळाली असती. पण कुणीच नव्हता ना.”

खिडकीबाईने फाईल उचलली आणि कपाटात ठेवली. कपाटाचं दार लावताना तिचं बोट चेमटलं, तेही तिला घरी गेल्यावर कळलं.

संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. आई बाबांचे सदरे घडी करत होती. ते कुणाला तरी द्यायचे म्हणून ती रोज काढायची, घडी करायची आणि परत ठेवायची. ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, की सांगितलंस तर काय होईल. नोकरी जाईल, लेक म्हणाली. आणि तिच्या नवऱ्याला आजार आपल्यामुळे झाला, हे तिला कळेल.

“तुला वाटतं मला हे माहीत नव्हतं?” आई म्हणाली. “तो गेल्याचं कळलं त्या दिवशीच मला कळलं. मी पोटात ठेवलं. तूही ठेव.” मग ती एका सदऱ्याच्या कॉलरवरून हात फिरवू लागली. “त्यांच्या उशाशी बसले तेवढे दिवस माझ्याजवळ आहेत. दुसरं काय राहिलंय? त्या दिवसांचं पाप करू नकोस, पोरी.”

आईचं चुकत होतं असं म्हणायची हिंमत निदान मला तरी होत नाही. त्या बाईने नवरा गमावला होता आणि त्याच्या बदल्यात जे मूठभर सुख हाती लागलं होतं तेही आता कुणीतरी उघडं करून त्यात घाण दाखवणार होतं. दोघी जेवल्या नाहीत. सकाळी खिडकीबाई निघाली तेव्हा आईने दार उघडून दिलं, पण रोजच्यासारखं सांभाळून जा म्हणाली नाही.

तिने खिडकी उघडण्याआधी मागच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. गोळी, ओला रुमाल, चष्म्याची डबी, पाण्याचा पेला. डॉक्टरीणबाईंनी बाबांचा एक्स-रे मागवला, उजेडाला धरला आणि मान हलवली. हे लिहून द्याल का, असं विचारलं. नोकरी जाईल, हेही सांगितलं. तिने लिहून दिलं.

साहेब संतापले ते खोटेपणामुळे नव्हे. एका कागदामुळे वॉर्डातली आणखी चार साधी मरणं साधी राहिली नाहीत, त्यांची बिलं परत करावी लागणार होती. महिनाअखेर तुमची सुट्टी, असं त्यांनी तिला सांगितलं, आणि तोवर या परताव्यांचं काम तुम्हीच उरका, असंही. आणि एक बजावलं. बाधित रोगी कोण, हे कुणालाही कळता कामा नये. आदेशातच तसं म्हटलंय, नाव गुप्त. म्हणजे तिने आता गप्प बसायचं ठरवलं असतं, तर तिला कायद्याचीच साथ होती. पैसे परत जाणार, बाईचं भलं होणार, आईची लाज राहणार. सगळं किती सोयीचं जुळून आलं होतं.

प्लास्टरवाल्याची बायको आली ती भरायला थोडे पैसे घेऊनच. भरायचे नाहीत, उलट घ्यायचे आहेत, हे तिला समजायला वेळ लागला. खिडकीबाईने आदेशाचा कागद फटीतून पुढे केला. ती हळूहळू, ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. एका ठिकाणी बोट थांबलं.

“वॉर्डातल्या बाधित रोग्याच्या संपर्कामुळे,” तिने वाचलं आणि वर पाहिलं. “आमच्या वॉर्डात कोण होतं असं?”

मागे रांग होती. औषधाच्या दुकानात कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होतं. नाव गुप्त आहे, एवढंच म्हणायचं होतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं.

“माझे बाबा,” ती म्हणाली. “त्यांना ताप होता. आम्ही लपवला. आईला त्यांच्याजवळ बसता यावं म्हणून. तुमच्या मालकांनी त्यांना पाणी पाजलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि बोलले नाही.”

आता ती ओरडेल, काचेवर हात आपटेल, थुंकेल. खिडकीबाईने मान खाली घातली नाही. एवढं तरी आपण तिचं देणं लागतो, असं तिला वाटलं. पण समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं, आणि ते काय आहे ते खिडकीबाईला कळेना.

“म्हणजे मी नव्हते?” ती म्हणाली.

“काय?”

“मी रोज घरून डबा आणायचे. दोन बस बदलून, गर्दीतून. डॉक्टर गुठळी म्हणत होते, पण ती साथच आहे हे आम्हाला दिसत होतं. शेवटी शेवटी त्यांना बोलवत नव्हतं, तरी त्यांनी विचारलं, मला हे लागलं कुठून गं? मी म्हटलं, माझ्याकडूनच असणार. वॉर्ड तर साधा, सगळे पाय मोडलेले आणि हृदयाचे. बाहेरून येणारी मीच.” तिने कागद काचेवर टेकवला, जणू तो हातात पेलत नव्हता. “ते म्हणाले, असू दे. तू काय मुद्दाम केलंस का, म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला माफ करून गेले ते, ताई. मी न केलेल्या गोष्टीसाठी.”

खिडकीबाईने परताव्याच्या नोटा फटीतून पुढे सरकवल्या.

“सासूबाईंना मीच सांगितलं, माझ्यामुळे झालं म्हणून. तेव्हापासून त्या माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. पोरीला माझ्याजवळ निजू देत नाहीत. मीही म्हटलं, बरोबरच आहे. मलाच पोरीला जवळ घ्यायची भीती वाटायची.” आता तिचा आवाज फाटला. “पैशांचं काय, मी भांडी घासून फेडलेच असते. पण मी दर वेळी इथं येत होते. या खिडकीवर. काकू कशा आहेत म्हणून विचारत होते. तुम्ही हे आधी सांगायचं होतंत.”

तिने पैसे मोजले नाहीत. पिशवीत टाकले, डोळे पुसले आणि तिथेच उभी राहिली. मागचा माणूस पुढे सरकला तरी हलली नाही. मग म्हणाली, “आत्ता घरी येऊन सासूबाईंना सांगाल? मी सांगितलं तर त्यांना वाटेल, अंगावरचं झटकतेय.”

खिडकीबाईने खिडकी बंद केली. रांगेतून शिव्या आल्या. पहिल्यांदाच त्या ऐकायला ती काचेमागे थांबली नाही. दोघी दोन बस बदलून गेल्या. बसमध्ये शेजारी जागा होती तरी प्लास्टरवाल्याची बायको पुढच्या बाकावर जाऊन बसली.

घर एका खोलीचं होतं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती भिंत मुलानेच केलेली असणार, इतकी ती गुळगुळीत होती. सून उंबऱ्याबाहेरच थांबली. खिडकीबाई खाली बसली आणि तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं, काकाच्या पिशवीपासून पाण्याच्या पेल्यापर्यंत. सांगून झालं तेव्हाही म्हातारीने तिच्याकडे पाहिलं नाही. ती दाराकडे पाहत होती, जिथे सून आपल्याच घराच्या बाहेर, आत बोलावतील की नाही याची वाट बघत उभी होती.

“आत ये गं,” म्हातारी म्हणाली, आणि रडायला लागली.

कोपऱ्यातून पोर उठली आणि धावत आईला जाऊन चिकटली. आईचे हात काही क्षण तसेच वर राहिले. मग तिने पोरीला उचलून घेतलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं. खिडकीबाई भिंतीशी बसून होती. तिला कुणी थांब म्हणालं नाही आणि जा म्हणालं नाही.